निरोपाचे मणी

तिचे पत्र आले तेव्हा मी ते उभ्याउभ्याच वाचले होते आणि वाचून झाल्यावर बसायला खुर्ची शोधली होती. त्या पत्राला मी उत्तर पाठवले नाही.

पत्र दीड पानाचे होते. पहिल्या पानावर एक प्रश्न होता. तुम्ही करून दिलेले मणी प्रथिन फार छान धरतात, पण सोडत नाहीत. साखर ओतली तरी निम्म्याहून अधिक आतच राहते. असे का होत असेल? उरलेल्या अर्ध्या पानावर दुसरीच गोष्ट होती. इथे मणी तयार करणाऱ्याची एक जागा निघाली आहे. इथल्या साहेबांनी विचारले, कुणी ओळखीचे आहे का. तुमचे नाव सांगू का? महिनाअखेरपर्यंत कळवा. आणि खाली, सहीच्या जरा वर: "या. इथली कोल्डरूम आपल्याकडच्यापेक्षा मोठी आहे, पण कोट इथेही एकच आहे."

हे मणी म्हणजे काय ते आधी सांगायला हवे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी सोनाराकडे कामाला होतो.

मी एका संशोधन संस्थेत होतो. शोध लावणारे दुसरे. मी त्यांना सामान तयार करून देणारा. अबईच्या शेंगेत टपोरा पांढरा दाणा असतो. त्या दाण्यात एक प्रथिन असते, त्याला लेक्टिन म्हणतात. त्याचा गुण एकच, ठरावीक साखर भेटली की तिला धरून बसायचे. आपल्या शरीरातली पुष्कळ प्रथिने अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या घेऊन वावरतात. रक्तात म्हणा, पेशींच्या रसात म्हणा, नाना गोष्टींची गर्दी असते, आणि त्या गर्दीतून ही साखरवाली प्रथिने वेगळी काढायची तर लेक्टिन कामाला येते. पण ते नुसते रसात सोडले तर तेही गर्दीत हरवणार. म्हणून त्याला कशाला तरी पक्के जोडावे लागते. समुद्रातल्या शेवाळापासून ॲगरोज नावाचा पदार्थ काढतात, त्याचे ओल्या रव्यासारखे बारीक मणी मिळतात. त्या मण्यांना लेक्टिन जोडायचे, मणी काचेच्या उभ्या नळीत भरायचे आणि वरून रस सोडायचा. साखरवाली प्रथिने मण्यांवर अडकतात, बाकीचे सगळे गळून जाते. मग वरून साखरेचे पाणी सोडायचे. आयती साखर मिळाली की लेक्टिन प्रथिनाला सोडून तिला धरते, आणि हवे ते प्रथिन थेंबाथेंबाने खाली उतरते. इतके सोपे आहे. निदान पुस्तकात तरी.

हे काम मी आणि पत्र लिहिणारी, असे आम्ही दोघे करत होतो. दाणे दळणे, मिठाच्या पाण्यात भिजत घालणे, फडक्यातून गाळणे आणि त्यातून शुद्ध लेक्टिन काढणे तिच्याकडे. ते मण्यांना जोडणे माझ्याकडे, कारण त्यासाठी लागणारे रसायन विषारी होते आणि साहेबांचे म्हणणे असे की, "तुझ्यामागे रडणारं कुणी नाही, ते तूच कर." साहेब मनाने चांगले होते. बोलायची पद्धत तेवढी तशी.

प्रथिने उष्णतेने नासतात, म्हणून आमचे बरेचसे काम कोल्डरूममध्ये चाले. दाराबाहेर खिळ्यावर एक लोकरी कोट टांगलेला असे. आत जाईल त्याने तो घालायचा. तो कुणा धिप्पाड माणसासाठी घेतलेला असावा. तिने घातला की बाह्या बोटांच्याही पुढे लोंबत आणि दुरून पाहणाऱ्याला वाटे, कोटच एकटा चालत येतो आहे. म्हणून तिला सगळे कोटवाली म्हणत. मला पंडित म्हणत. चालताना वाचायची मला खोड होती, आणि एकदा त्या नादात मी फरशी पुसणाऱ्या बाईंच्या बादलीत पाय घातला होता.

ती बाहेर आली की मी आत जात असे. कोट तेव्हा अजून ऊबदार असे. त्या उबेसाठी मी माझी आत जायची वेळ तिच्या बाहेर येण्याशी जुळवून ठेवली होती. एकदा कोट माझ्या हातात देताना ती म्हणाली, "पंडित, मी कधी बाहेर येते ते तुम्हाला बरं नेमकं कळतं."

"घड्याळ आहे ना," मी म्हणालो.

माझ्या मनगटावर तेव्हा घड्याळ नव्हते. तिने मनगटाकडे पाहिले.

पुढे तिला दुसऱ्या शहरातल्या संस्थेत जागा मिळाली. आमच्याकडे एक रीत होती. कुणी सोडून चालले की त्याच्या नव्या कामासाठी आपल्या हातचे काहीतरी बाटलीत भरून द्यायचे. कुणी पेशींची जात देई, कुणी एखादे दुर्मिळ रसायन. मी मणी द्यायचे ठरवले. नेहमी मी लेक्टिन एकदा जोडून थांबत असे. मण्यांवरच्या बऱ्याच जागा तशाच रिकाम्या राहत, आणि त्याने कुणाचे अडलेले मी पाहिले नव्हते. पण तिच्यासाठी रिकामी जागा ठेवणे मला पटेना. एकदा जोडून झाल्यावर मी ताजे लेक्टिन घेऊन तेच मणी पुन्हा जोडले. ढवळायला यंत्र लावले नाही, त्याने मणी दुखावतात. बाटली हातात घेऊन हळूहळू उलटसुलट करत बसलो. लेबलावर लेक्टिनचे प्रमाण लिहिले तेव्हा साहेबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचले. मला त्याचा अभिमान वाटला होता. आयुष्यात अभिमान वाटण्याचे प्रसंग मला फारसे आले नाहीत, म्हणून हा लक्षात आहे.

जायच्या दिवशी तिने बाटली उजेडासमोर धरून हलवली.

"काय काय लावलंत एवढं यात?"

"चांगले आहेत," मी म्हणालो.

 मग बाटली तिने हातरुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि गेली.

काही महिन्यांनी ते पत्र आले. मला वाटले, आधी प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. आपले मणी का अडतात हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने मणी करणाऱ्याच्या जागेवर कोणत्या तोंडाने जायचे? मी तसेच मणी पुन्हा केले. साखर दुप्पट केली, तिप्पट केली. नळी कोल्डरूममधून बाहेर काढून पाहिली. क्षार बदलले. थोडे अधिक सुटले, पण सगळे कधी सुटले नाही. ग्रंथालयात होती नव्हती ती नियतकालिके चाळली. महिनाअखेर आली आणि गेली. मग उशीर झाला म्हणून लिहिले नाही, आणि पुढे फार उशीर झाला म्हणून. ती जागा कुणी घेतली, मला माहीत नाही. त्याचे मणी तरी सोडत असतील, असे मी अधूनमधून मनात म्हणत असे.

आता मी निवृत्त आहे आणि थोरल्या बहिणीबरोबर राहतो. तिला मी अक्का म्हणतो. तिचे यजमान वारल्यावर तिने मला आपल्याकडे बोलावून घेतले. माझी काळजी म्हणून, असे ती सांगते. माझ्या मते तिला बोलायला कुणीतरी हवे होते. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीनेही हेच क्षेत्र धरले. याचा दोष अक्का मला देते. भाचीची स्वतःची प्रयोगशाळा आहे, वेगळे बिऱ्हाड आहे, आणि रविवारी सकाळी ती आमच्याकडे चहाला येते.

गेल्या हिवाळ्यात ती एका परिषदेहून परतली आणि पायांतल्या चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, तुझी कोटवाली भेटली."

"कोण?" मी विचारले, जणू माझ्या आयुष्यात कोटवाल्यांची रांग लागली होती.

"पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवृत्त आहेत, उद्घाटनाला बोलावलं होतं. मी आमच्या गावाचं, तुझ्या संस्थेचं नाव काढलं तर म्हणाल्या, तिथं एक पंडित होता, चालताना वाचायचा. म्हटलं, अजून वाचतो. माझा मामाच तो."

"परवाच दाराच्या चौकटीला डोक्यानं नमस्कार केलाय," अक्का म्हणाली. "टेंगूळ दाखव तिला."

"कशी आहे?" मी विचारले.

"खणखणीत आहेत. यजमान गेले त्यांचे, झाली काही वर्षं. कोल्डरूमची यंत्रं दुरुस्त करणारे मेकॅनिक होते. मी विचारलं, कसे होते हो? तर म्हणाल्या, बोलावलं की यायचा. एवढं पुरे होतं."

मी कपात पाहत राहिलो. चहा अर्धा होता.

"डोळे मात्र चाललेत," भाची पुढे म्हणाली. "मधलंच दिसत नाही. मला म्हणाल्या, तुझं तोंड दिसत नाहीये ग, पण कान छान आहेत. वाचतात, पण कडेकडेनं, अक्षर चांगलं मोठं असलं तर. डॉक्टरांनी सांगितलंय, तेही फार दिवस नाही. टपाल शेजारच्या बाई वाचून दाखवतात."

"अरेरे," अक्का म्हणाली.

"आणि मामा, तुला निरोप दिलाय. म्हणाल्या, पंडितांकडून एका पत्राचं उत्तर यायचं राहिलंय. पाठवायचं असेल तर मोठ्या अक्षरात पाठवा म्हणावं, आणि जरा लवकर. शेजारणीकडून वाचून घ्यायचं नाहीये मला ते."

"हसत म्हणाली?" मी विचारले.

"आधी हसल्या. शेवटचं वाक्य बोलताना हसत नव्हत्या."

"कसलं पत्र?" अक्काने विचारले. मी उरलेला चहा ढवळू लागलो. "बघ, अळीमिळी गुपचिळी. अरे, आता या वयात कुणाला घाबरतोस? फोन कर. नंबर घेतलास का ग?"

"घेतलाय, पत्ताही. पण त्याच म्हणाल्या, फोनचं नाव काढू नकोस. बरं आणि ठीक याच्यापुढे तो जायचा नाही."

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला पाणी आणून दिले. तेवढेच उठायला निमित्त झाले.

त्या दिवसापासून माझ्या मनाची जी अवस्था झाली ती मला नीट सांगता येईल असे वाटत नाही. इतकी वर्षे ते पत्र एखाद्या बंद खोलीसारखे होते. खोली आहे हे माहीत असते, आपण तिकडे जात नाही. आता त्या खोलीत दिवा लावून कुणीतरी बसले आहे, आणि दिव्यातले तेल संपत आले आहे. लिहायचे तर तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल तोवर लिहायला हवे. आणि तरीही माझ्या डोक्यात पहिले काय आले? तर मण्यांचे कारण. आता तरी बरोबर उत्तर गेले पाहिजे.

मी भाचीला म्हणालो, "तुझ्या प्रयोगशाळेत येऊ का? एक करून पाहायचं आहे."

"ये की. पण कशाला हात लावायच्या आधी विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. आमच्या वेळी काच खळखळायची, आता सगळे प्लास्टिक आणि पंख्यांची घरघर. कोल्डरूमच्या जागी काचेच्या दारांची उंच कपाटे होती. आत हात घालायला कोट लागत नव्हता. भाचीचे काम आमच्याच जातीचे आहे. ती आजारी माणसांच्या रक्तातली साखरवाली प्रथिने वेगळी काढून पाहते. लेक्टिनचे मणी ती तयार विकत घेते. कपाटाच्या एका फळीवर त्यांच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या, आणि मला, का कोण जाणे, अनाथाश्रमाची आठवण झाली.

मी तिला प्रश्न सांगितला. कोटवालीच्या पत्राचे पहिले पान मला पाठच होते. दुसऱ्याबद्दल मी काही बोललो नाही.

"चढतं छान, सुटत नाही," ती म्हणाली. "मामा, मण्यांवर लेक्टिन किती लावलं होतंस?"

मी आकडा सांगितला. तिने हातातले काम खाली ठेवले.

"एवढं? कशाला?"

"चांगले व्हावेत म्हणून."

ती हसायला लागली आणि माझ्याकडे पाहून थांबली. मग तिने स्टूल ओढून मला बसवले. तिच्या लहानपणी मी तिला गणित समजावताना जशी बोटे वापरत असे, तशी बोटे वापरून ती सांगू लागली. "हे बघ. त्या प्रथिनाच्या अंगावर साखरेची एकच साखळी नसते, पुष्कळ असतात. मण्यावर लेक्टिन विरळ असलं तर एखादीच साखळी धरली जाते. वरून साखर ओतली की सुटली. पण तू लावलंस दाटीवाटीनं. मग सगळ्या साखळ्या एकदमच धरल्या जातात. एकीनं सोडलं तरी बाकीच्या धरून असतात, आणि त्यांनी सोडेपर्यंत पहिलीनं परत धरलेलं असतं. दहा जणांनी धरलेला माणूस एकानं हात काढला म्हणून सुटतो का?"

"मग साखर कितीही ओतली तरी..."

"नाहीच. म्हणून आम्ही हे घेतो, विरळ." तिने फळीवरून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. "पाठीमागे वाच."

मी चष्मा बदलून वाचले. फार घट्ट चिकटणाऱ्या प्रथिनांसाठी कमी लेक्टिनचे मणी वापरावेत. बारीक टाइपात, 'गोठवू नका' याच्या खाली.

"हे कधी कळलं?" मी विचारले.

"कधी म्हणजे? मी शिकत होते तेव्हाही माहीतच होतं. अति तिथं माती, मामा. मण्यांचंही तेच."

ज्या वाक्यासाठी मी थांबलो होतो ते बाटलीच्या पाठीवर छापलेले होते, आणि कुठल्याही दुकानदाराकडून मागवता येत होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. साहेबांनी वर केलेल्या चष्म्याचे, माझ्या अभिमानाचे मला हसू आले, आणि पाठोपाठ एक विचार आला की तिला हे केव्हाच कळलेले असणार. माझ्या आधी कितीतरी. तिने मणी वापरले, दुसरे मागवले, कारण समजून घेतले, शिष्यांना शिकवलेही असेल. त्या पहिल्या पानाला उत्तराची गरज उरलेलीच नव्हती. तरीही तिने भाचीकडे सांगून पाठवले होते की उत्तर राहिले आहे.

मी विचारले, "जे सुटत नाही त्याचं तुम्ही काय करता?"

"काही नाही. राहू देतो."

"त्यानं बिघडत नाही?"

"त्या मण्यांवर पुढं दुसरं काही नीट चढत नाही, एवढंच," ती म्हणाली आणि बाटली परत कपाटात ठेवली.

घरी येऊन मी लिहायला बसलो. लिहायला बसणे मला कठीण नाही. कठीण आहे ते उठणे. दुपारपर्यंत मी चार पाने लिहिली. लेक्टिनचा शोध, मण्यांवरच्या दाटीविषयी जुन्या काळचे समज, ते कसे बदलले, तळाशी टिपा. अक्का पाठीमागे येऊन उभी राहिली. तिला माझ्या पाठीमागून वाचायची सवय आहे आणि मला ती आवडत नाही, हे दोन्ही आम्हाला माहीत आहे.

"नमनालाच घडाभर तेल," ती म्हणाली. "ही बाई कुठल्या पानावर येते?"

"येईल पुढे."

"पुढे म्हणजे तिचे डोळे गेल्यावर?"

"अगं, तिनं मण्यांबद्दल विचारलं होतं."

"आणि आणखी काय विचारलं होतं?"

 अक्काने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. तिच्या गुडघ्यांमुळे बसायला तिला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी काहीतरी सबब शोधायला हवी होती. सुचली नाही. मी तिला दुसऱ्या अर्ध्या पानाविषयी सांगितले. जागेचे, महिनाअखेरीचे, कोटाचेही. सांगताना मी टेबलाकडे पाहत होतो.

"म्हणजे पोरीनं स्वच्छ 'या' म्हणून लिहिलं होतं," अक्का म्हणाली.

"कामासाठी. जागा निघाली होती म्हणून."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुला जायचं होतं की नाही?"

खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मी थांबलो.

"जायचं होतं," मी म्हणालो.

"आणि आता?"

"आता काय, आता वरातीमागून घोडं."

"ते मी विचारलं नाही."

"आताही," मी म्हणालो.

अक्का काही वेळ तिच्या बांगडीशी चाळा करत बसली. "मग तेवढं लिही. आणि माझी काळजी करू नकोस. तू नसलास तर मला वर्तमानपत्र पहिल्यांदा वाचायला मिळेल, दुसरं काही नाही." तिचा आवाज तिला हवा होता तितका सरळ नव्हता. ती उठून आत गेली आणि तिने भांडी गरजेपेक्षा जोरात लावली.

संध्याकाळी भाची एक जाड काळे पेन आणि मोठ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिने मला मूठ डोळ्यासमोर धरायला लावली. "आता मुठीच्या कडेनं वाचून बघ. असं दिसतं त्यांना." तिने लिहिलेले एक वाक्य मी वाचायचा प्रयत्न केला. नजर त्याच्यावर रोखली की ते नाहीसे होई. बाजूला पाहिले की त्यातला एखादा शब्द हाती लागे. माझे नेहमीचे अक्षर मुंगीच्या पायांसारखे आहे, ते असे कुणालाच वाचता आले नसते. अक्षर तळहाताएवढे काढायला हवे होते.

एका कागदावर पाचसहा शब्द मावत होते. मी आयुष्यभर जे शब्द वापरत आलो त्यांतले पुष्कळसे मला या कारणाने गाळावे लागले. 'कदाचित' फार जागा खात होता. 'माझी चूक होत नसेल तर' याला अख्खा कागद लागला, तो मी फाडला. 'आपणांस आठवत असेल वा नसेल' हेही गेले. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी तिरकी येत होती, आणि पेनाच्या वासाने डोके दुखत होते. अक्का मधून मधून येऊन कागद वाळायला जमिनीवर पसरत होती. ती वाचत नव्हती, किंवा वाचत नसल्याचे दाखवत होती.

शेवटी जे उरले ते असे होते.

"मण्यांवर मी फार दाट लावले. ते तुम्हाला कळलेच असेल. तेव्हा मला कारण सापडले नाही. म्हणून लिहिले नाही. मला यायचे होते. जागेसाठी नाही. मनगटावर घड्याळ नव्हते. अजून यावेसे वाटते. येऊ का? तुमचा पंडित."

एकदा वाटले, 'जागेसाठी नाही' हे जरा उघडे होते आहे. मी तो कागद वेगळा ठेवला. मग कडेला पाहत, मुठीआडून तिला तो वाचायला किती त्रास पडेल याचा विचार केला. एवढ्या त्रासाने वाचणाऱ्या माणसाला काहीतरी मिळाले पाहिजे. कागद मी परत गठ्ठ्यात, त्याच्या जागी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे पोस्टात गेलो. अक्का बरोबर का आली हे तिने सांगितले नाही. माझ्यावर तिचा विश्वास नाही हे उघड होते. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट तराजूवर ठेवून विचारले, "आत काय, चित्रं आहेत?"

"पत्र आहे."

"एवढं जाड?"

"अक्षर मोठं आहे," मी म्हणालो.

"रजिस्टर करायचं? पोचल्याची सही मिळेल."

सही करायला शेजारीण पुढे होईल, हे माझ्या डोळ्यांसमोर आले. "नको, साधंच," मी म्हणालो. त्याने तिकिटे लावली, शिक्का मारला आणि पाकीट परत माझ्या हातात दिले. त्यांची तिथली पद्धत अशी की जाड पाकिटे बाहेरच्या मोठ्या पेटीत आपली आपण टाकायची.

पेटीपाशी अक्का बाकावर बसली. मी पाकिटावरचा पत्ता वाचला. बरोबर होता. पुन्हा वाचला. 'येऊ का'च्या ऐवजी 'यावे का' असे लिहायला हवे होते का, असे वाटून गेले. माझ्यामागे दोघे जण उभे राहिले. त्यातल्या एकाने घसा साफ केला.

"टाकतोस का मी टाकू?" अक्काने बाकावरूनच विचारले.

"टाकतो," मी म्हणालो.

पाकीट जरा अडले. मी ते तळहाताने आत ढकलले, आणि जाड होते म्हणून ते तळाशी पडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.